मांजराची शिंक हलक्यात घेऊ नका

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात प्रसारित झालेलं भाषण)



घरातून कुणी बाहेर पडताना शिंक आली, की आपण म्हणतो, "थांब जरा, घोटभर पाणी पिऊन जा." मांजर आडवं गेलं तर चार पावलं मागं येणाऱ्या बायका अजूनही आहेत. पण तेच मांजर स्वतः शिंकायला लागलं, तर कुणी थांबत नाही. "सर्दी झाली असेल, होईल बरं," असं म्हणून आपण कामाला लागतो. आज मी त्या शिंकेबद्दलच बोलणार आहे.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा काही जणी हसल्या. शेळीचं बोला, कोंबडीचं बोला, मांजराचं काय बोलायचं, असा त्यांचा सूर होता. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात मांजर शोभेसाठी पाळत नाहीत. घरात मालदांडी ज्वारीची पोती असतात, तुरीची डाळ असते, शेंगदाणे असतात. ज्यांचं चादरीचं, टॉवेलचं, शिवणाचं काम घरात चालतं, त्यांच्याकडे सुताचे आणि कापडाचे गठ्ठे असतात. उंदीर एका रात्रीत किती नुकसान करतो, हे आपल्याला माहीत आहे. विषाच्या गोळ्या ठेवाव्यात तर घरात लहान मुलं असतात. म्हणून मांजर असतं. ते पगार घेत नाही, सुट्टी मागत नाही. तेव्हा ते आजारी पडलं तर त्याच्याकडे बघणं आपलंच काम आहे.

आता मूळ मुद्दा. मांजराची सर्दी म्हणजे नेमकं काय?

आपल्याला थंडी बाधली, पावसात भिजलो की सर्दी झाली असं आपण म्हणतो. मांजराची सर्दी मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या मांजराकडून आलेली असते. तो संसर्ग असतो. त्यात दोन विषाणू मुख्य आहेत. एकाचं नाव मांजरांचा हर्पिस विषाणू आणि दुसऱ्याचं कॅलिसी विषाणू. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, दोघांची खूण लक्षात ठेवा. हर्पिस डोळ्यांवर आणि नाकावर जातो. मांजर सारखं शिंकतं, नाकातून आधी पाणी आणि मग घट्ट पिवळा शेंबूड येतो, डोळे लाल होतात, चिकटतात. दुर्लक्ष झालं तर डोळ्याच्या काळ्या भागावर जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. कॅलिसी तोंडात जातो. जिभेवर, टाळूवर फोड येतात, लाळ गळते, खाताना मांजर ओरडून ताटलीपासून मागं सरतं. कधी ते दोन दिवस लंगडतंसुद्धा. त्याला कुणीतरी मारलं असेल असं वाटतं, पण तो याच आजाराचा भाग असू शकतो.

या दोघांखेरीज दोन जिवाणू आहेत. क्लॅमिडिया नावाचा जिवाणू डोळे आणतो. बहुतेक वेळा आधी एक डोळा सुजतो आणि काही दिवसांनी दुसरा. वर्षाच्या आतल्या मांजरांत तो जास्त दिसतो. बॉर्डेटेला नावाचा दुसरा जिवाणू खोकला आणतो आणि लहान पिल्लांत न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. तो कुत्र्यांनाही होतो, म्हणून घरात खोकणारं कुत्रं असेल तर मांजराच्या पिल्लांना त्याच्यापासून लांब ठेवावं.

ज्या मैत्रिणी शेळ्या पाळतात, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. शेळीला पीपीआर झाला की नाक-डोळे वाहतात, तोंडात फोड येतात, खाणं सुटतं आणि बघता बघता कळपात पसरतो. मांजराचा आजार वेगळा आहे, विषाणूही वेगळा आहे. तो शेळीचा मांजराला किंवा मांजराचा शेळीला होत नाही. पण पसरण्याची रीत तशीच आहे. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून आणलेली शेळी आपण लगेच कळपात सोडत नाही. हाच शहाणपणा मांजराच्या बाबतीतही वापरायचा आहे.

हा आजार पसरतो कसा?

एका मांजराच्या नाकातलं, डोळ्यांतलं किंवा तोंडातलं पाणी दुसऱ्या मांजरापर्यंत पोहोचलं की झालं. एकमेकांना चाटणं, एका ताटलीत खाणं, एकाच पोत्यावर झोपणं, यातून ते सहज घडतं. शिंकेतले थेंब चार-पाच फुटांपर्यंत उडतात. आणि एक वाट आपण विसरतो, ती म्हणजे आपले स्वतःचे हात. गल्लीतल्या शेंबड्या पिल्लाला उचलून गोंजारलं आणि त्याच हातानं घरच्या मांजराला भाकरी घातली, तर आजार आपणच घरी आणला. हर्पिस विषाणू शरीराबाहेर साधारण दिवसभरही टिकत नाही. कॅलिसी मात्र चिवट आहे. ताटलीवर, फरशीवर, कपड्यावर तो आठवडाभर आणि कधी त्याहून जास्त काळ तग धरतो. लागण झाल्यावर बहुतेक दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत लक्षणं दिसतात, क्वचित दोन आठवडेही लागतात.

मग सगळ्याच मांजरांना सारखा धोका असतो का? नाही. काही गोष्टींमुळे तो वाढतो, त्या एकेक करून बघू.

पहिली गोष्ट म्हणजे वय. पिल्लू जन्मलं की आईच्या पहिल्या चिकातून त्याला संरक्षण मिळतं. ते सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान संपत येतं. नेमकं तेव्हाच पिल्लू घरभर फिरायला लागतं, शेजारी जातं, मुलं त्याला उचलून नेतात. म्हणून दीड ते तीन महिन्यांची पिल्लं सगळ्यात जास्त दगावतात. पिल्लू दूध सोडलं की लगेच देऊन टाकायची आपली पद्धत असते. ते तेव्हा सगळ्यात नाजूक असतं, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट गर्दी. एका घरात एक-दोन मांजरं असतील तर आजार आला तरी आटोक्यात राहतो. सहा-सात मांजरं एका खोलीत, एकाच घमेल्यात हगतमुतत, एकाच थाळीत खात असतील, तर आजार तिथून निघतच नाही. एक बरं होतं, दुसरं पडतं. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुलात किंवा जुन्या चाळींत घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तिथं मांजर आपलं एकटीचं नसतंच. ते सकाळी एका घरी दूध पितं, दुपारी दुसऱ्या घरी झोपतं. म्हणून काळजीही सगळ्या गल्लीनं मिळून घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट नवीन मांजर. मुलं रस्त्यावरचं पिल्लू घेऊन येतात आणि थेट घरच्या मांजराजवळ ठेवतात. पिल्लू वरून धडधाकट दिसलं तरी त्याच्या अंगात आजार मुरत असू शकतो.

चौथी गोष्ट नीट ऐका, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. हर्पिसची लागण झालेली मांजरं वरून बरी होतात, पण त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात तो विषाणू जन्मभर दडून राहतो. मांजरावर ताण आला की तो पुन्हा जागा होतो. ताण म्हणजे काय? घर बदलणं, घरात नवीन जनावर येणं, लग्नाची गर्दी, दिवाळीचे फटाके, बाळंतपण. ताण आल्यावर साधारण आठवड्याभरानं मांजर पुन्हा शिंकायला लागतं आणि पुढचे आठ-पंधरा दिवस दुसऱ्यांना आजार देऊ शकतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली, पाहुणे परत गेले आणि मांजर शिंकायला लागलं, तर थंडीला दोष देण्याआधी हेही आठवा. व्यालेली मांजरी तर वरून ठणठणीत असते आणि पिल्लं महिन्याभराची झाली की शिंकायला लागतात. आजार बाहेरून आलेला नसतो, आईकडूनच आलेला असतो. यात तिचा काही दोष नाही. पिल्लांना पाजून पाजून तिच्या शरीरावर ताण आलेला असतो, एवढंच.

पाचवी गोष्ट हवा. बंद खोली, ओल, चुलीचा धूर, तंबाखूचा आणि सुताचा बारीक कस. घरी विड्या वळणाऱ्या आपल्या हजारो भगिनींना तंबाखूच्या भुकटीनं स्वतःलाच ठसका लागतो. मांजर तर जमिनीलगत, त्या भुकटीतच झोपतं. धूर आणि धूळ यांनी सर्दीचा विषाणू तयार होत नाही, पण नाकाची आणि श्वासनळीची आतली त्वचा सोलवटते आणि विषाणूला वाट सोपी होते. जी खिडकी मांजरासाठी उघडाल, ती तुमच्या छातीसाठीही चांगलीच आहे.

सहावी गोष्ट बोके आणि त्यांची भांडणं. नसबंदी न झालेला बोका रात्ररात्र फिरतो, मारामाऱ्या करतो. चावण्यातून मांजरांचे असे काही आजार पसरतात, की जे शरीराची प्रतिकारशक्तीच खाऊन टाकतात. अशा मांजराला साधी सर्दीही महिनोन्‌महिने सोडत नाही. पाच-सहा महिन्यांच्या वयात नसबंदी केली, तर भटकणंही कमी होतं आणि घरातली पिल्लांची गर्दीही.

आणि सातवी गोष्ट, लस न देणं. त्याकडे मी नंतर येते.

आता घरी काय करायचं ते सांगते. पण त्याआधी काय करायचं नाही ते सांगते, कारण आजारापेक्षा जास्त मांजरं आपल्या घरगुती उपायांनी मरू शकतात.

आमच्या परिचयातल्या एका अक्कांनी मांजराला ताप आहे असं वाटून तापाच्या गोळीचा पाव तुकडा दुधात कालवून दिला. प्रेमानंच दिला. लेकराला देतो तसा. दुसऱ्या दिवशी मांजराच्या हिरड्या करड्या पडल्या, तोंड सुजलं, आणि दवाखान्यात न्यायच्या आत ते गेलं. मैत्रिणींनो, पॅरासिटामॉल, म्हणजे आपण घरोघरी ठेवतो ती तापाची, अंगदुखीची गोळी, मांजराला विष आहे. आपलं यकृत ती गोळी पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते काम जमत नाही. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात आणि श्वास घेऊनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. कमी द्या, जास्त द्या, मांजरासाठी सुरक्षित असं मापच नाही. लहान मुलांचं गोड सिरपही त्याच औषधाचं असतं. चुकून पोटात गेलंच तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या आणि काय दिलं, किती दिलं ते खरं सांगा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोग.

दुसरं, छातीला चोळायचा बाम, कापूर, निलगिरीचं तेल. मांजर अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. हे काहीही लावायचं नाही आणि वाफेच्या पाण्यातही घालायचं नाही. तिसरं, फिनाईल. मांजर आजारी आहे म्हणून आपण फरशी दोनदा फिनाईलनं पुसतो. मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं. काळं किंवा पांढरं होणारं, उग्र वासाचं फिनाईल मांजराला घातक आहे. चौथं, आपल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. मुळात विषाणूवर त्या चालत नाहीत. मागाहून जिवाणूंची भर पडली तर डॉक्टर औषध देतात, पण कोणतं आणि किती ते त्यांनाच ठरवू द्या.

मग करायचं काय?

मांजराला वेगळ्या खोलीत किंवा निदान वेगळ्या कोपऱ्यात, हवा खेळती असेल तिथं ठेवा. त्याची ताटली, पाण्याची वाटी, फडकं, मातीचं घमेलं, सगळं वेगळं. आधी धडधाकट मांजरांचं करा, आजारी मांजराचं शेवटी करा आणि साबणानं हात धुवा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळे आणि नाक पुसा. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस घ्या. चिकटलेली पापणी ओढू नका, ओला कापूस मिनिटभर धरून ठेवा, ती आपोआप सुटते. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरून दार लावा आणि वाफ झाली की मांजराला घेऊन दहा मिनिटं बसा. मांजर बादलीपासून लांब ठेवा. नाक मोकळं व्हायला एवढं पुरतं.

खाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. मांजर वासावर खातं. नाक बंद झालं की समोर मासळी असली तरी त्याला ती कळत नाही. म्हणून अन्न थोडं कोमट करा, वास वाढतो. मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता शिजवलेलं चिकन किंवा मासा कुस्करून द्या. कांदा आणि लसूणही मांजराच्या रक्ताला बाधतात. नुसत्या दुधावर ठेवू नका. मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी आणखी कमी होतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर चरबी चढते आणि सर्दीऐवजी त्यानंच जीव जातो. म्हणून उपवासानं आजार पळतो ही आपली समजूत मांजराला लावू नका.

भांडी आणि फरशी आधी साबणानं धुवा. मग कपडे पांढरे करायचं द्रव ब्लीच एक लिटर पाण्यात ३० मिली, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे घालून त्या पाण्यानं पुसा. दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्यानं धुवून वाळवा. हे करताना मांजर तिथं नको. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा फिनाईल कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पोती, गोधड्या कडक उन्हात घाला. ऊन तर सोलापूरला फुकट मिळतं.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं? मांजर झोपलेलं असताना घड्याळ लावून त्याचे श्वास मोजा. छाती वर-खाली झाली की एक. मिनिटाला वीस ते तीस असतील तर ठीक आहे. चाळीसच्या वर गेले तर थांबू नका. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तेही गंभीर आहे. कुत्रं उन्हात जीभ काढून धापा टाकतं, मांजर सहसा तसं करत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा उष्माघातानंही ते होतं. कारण कुठलंही असो, दवाखाना गाठायचाच. मोठ्या मांजरानं दिवसभर आणि पिल्लानं अर्धा दिवस काही खाल्लं नाही, डोळा उघडत नाही किंवा पांढुरका दिसतो, हिरड्या निळसर-करड्या दिसतात, तर त्याच दिवशी न्या. गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. जनावरांच्या आजारासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे. तिथं मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांसाठी फिरतं पथक येतं, पण जवळचा दवाखाना कुठला हे विचारायला हरकत नाही.

आता एका वेगळ्या आणि गंभीर आजाराबद्दल. तो म्हणजे बर्ड फ्लू.

बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. तेव्हापासून आपण त्याला कोंबड्यांचा आजार म्हणतो. पण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा इथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. त्यांनी खाल्लेल्या कोंबडीच्या मांसातून तो आला असावा, असा संशय होता. आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो. भाच्याला झालं ते मावशीलाही होऊ शकतं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हाच विषाणू सापडला. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मेले आणि मार्च २०२५ मध्ये आपल्या सोलापुरात, सिद्धेश्वर तलाव आणि किल्ल्याच्या परिसरात कावळे मरून पडले. भोपाळच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत कारण बर्ड फ्लूच निघालं.

परदेशातही असंच दिसलं. पोलंडमध्ये २०२३ साली अनेक पाळीव मांजरं यानं दगावली. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०२४ साली गोठ्यातल्या मांजरांनी आजारी गाईंचं कच्चं दूध प्यायलं आणि ती मेली. मांजराला बर्ड फ्लू झाला तर ताप येतो, खाणं सुटतं, श्वास लागतो, तोल जातो, झटके येतात आणि बऱ्याचदा काही दिवसांत ते मरतं.

घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. मांजराकडून माणसाला बर्ड फ्लू होणं फार दुर्मीळ आहे. पण आपल्या सवयींत एक बदल करायला हवा. चिकनच्या दुकानातून आपण आतडी, मुंडकी, पाय स्वस्तात आणतो आणि तसेच कच्चे मांजरापुढे टाकतो. ते बंद करा. सत्तर अंशांच्या वर नीट शिजवलं की विषाणू मरतो. पाच-दहा मिनिटं खळखळून उकळलेलं मांस मांजरालाही बरं आणि ते हाताळणाऱ्या आपल्यालाही. दूध तापवूनच घाला. परसात कोंबड्या असतील आणि एकदम दोन-चार मेल्या, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर मांजराला घरात कोंडा, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. कळवलं तर आपल्या कोंबड्या नेतील, या भीतीनं गप्प बसू नका. गप्प बसलं तर सगळ्या वस्तीच्या कोंबड्या जातात.

साध्या सर्दीचं मात्र तसं नाही. मांजराचा हर्पिस आणि कॅलिसी माणसाला होत नाही. नातवंडाला सर्दी झाली म्हणून मांजराला दोष देऊ नका. क्लॅमिडियानं क्वचित माणसाचे डोळे येतात, तेव्हा मांजराचे डोळे पुसल्यावर हात धुवा, एवढं पुरे. कर्करोगाची औषधं चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसानं आजारी मांजराची सेवा दुसऱ्या कुणाला सोपवावी. औषध पाजताना मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखान्यात जा. तिथं ती मोफत मिळते.

याच भीतीपोटी आणखी एक गोष्ट घडते. मांजर शिंकायला लागलं की त्याला पोत्यात घालून बाजाराजवळ किंवा लांब शेताकडे सोडून येतात. त्यानं आजार संपत नाही. ते मांजर तिथं उपाशी मरतं आणि मरण्याआधी तिथल्या मांजरांना आजार देऊन जातं. प्राण्यांशी क्रूरतेनं वागण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा असं सोडून देणं गुन्हा मानतो. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ज्यानं आपली ज्वारी राखली त्याला आजारपणात बाहेर काढणं आपल्या घरच्या संस्कारात बसत नाही.

आता लस. मांजरांसाठी तीन रोगांची एकत्र लस मिळते. त्यात हर्पिस आणि कॅलिसी हे सर्दीचे दोन विषाणू येतात आणि तिसरा मांजरांचा एक जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार येतो. पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं झालं की पहिला डोस आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरा. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. या लसीनं सर्दी कधीच होणार नाही असं नाही, पण झाली तरी हलकी होते, जीव वाचतो. रेबीजची लस वेगळी असते, तीही द्या. लसीला खर्च येतो, हे मला माहीत आहे. पण एकेकट्या जाण्यापेक्षा वस्तीतल्या आठ-दहा मांजरांची नावं लिहून, डॉक्टरांना विचारून एकच दिवस ठरवला, तर रिक्षाचा खर्च वाटून जातो. ज्या गटांत पशुसखी आहे, तिच्याकडे ही यादी देता येईल. मांजराला झाकणाच्या टोपलीत किंवा भोकं असलेल्या खोक्यात न्या. दोन मांजरं एका खोक्यात घालू नका.

शेवटी थोडक्यात. आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. तशीच मांजराची पंचसूत्री पाठ करू या.

एक, नवीन मांजर दोन आठवडे वेगळं ठेवायचं.
दोन, पिल्लाला आठ-नऊ आठवड्यांत लस द्यायची.
तीन, आजारी मांजराची ताटली, जागा वेगळी ठेवायची आणि हात साबणानं धुवायचे.
चार, माणसाची गोळी, बाम, फिनाईल मांजराजवळ न्यायचं नाही.
पाच, कच्चं मांस आणि कच्चं दूध घालायचं नाही.

या पाचांपैकी चार गोष्टींना जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत. पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की पाच मिनिटं हा विषय घ्या. कुणाच्या घरी पिल्लं झालीत, कुणाचं मांजर शिंकतंय, एवढं विचारलं तरी पुरे. आणि आज घरी गेल्यावर तापाच्या गोळ्यांचं पाकीट कुठं ठेवलंय ते बघा. बाजूच्या घरच्या मावशींनाही सांगा. रेडिओ सगळ्यांच्या कानांपर्यंत पोहोचत नाही, शेजारीण मात्र पोहोचते.